शिक्षा कायम, म्हणजे काय?

"वकीलसाहेब, कायम म्हंजे जलमभर का जी?"

नरखेडकडची एक बाई माझ्या धरमपेठेतल्या बैठकीच्या दारात उभी राहून विचारत होती. सकाळचे साडेआठ वाजले असतील, माझा चहा व्हायचा होता. तिच्या भावाला मारहाणीच्या खटल्यात तीन वर्षांची सक्तमजुरी झाली होती आणि आम्ही केलेलं अपील फेटाळलं गेलं होतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. मथळा होता, 'शिक्षा कायम'. गावातल्या कुणीतरी तो तिला वाचून दाखवला. त्या रात्री घरात चूल पेटली नाही. पहाटेच्या एसटीने ती निघाली आणि ऑटोवाल्याला लॉ कॉलेज चौक सांगून विचारत विचारत माझ्यापर्यंत आली. तिच्या गावात 'कायम'चा एकच अर्थ चालतो. शाळेतला शिपाई कायम झाला की पेढे वाटतात, कारण आता त्याला कोणी हलवू शकत नाही. भाऊ कायम झाला, म्हणजे तो आता तुरुंगातून हलायचा नाही.

मी सांगितलं, तीनच वर्षं. खालच्या कोर्टाने दिली तेवढीच वरच्या कोर्टाने ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. खटला चालू असताना तो जितके महिने आत होता, तेही यातून वजा होतील. ऐकून ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसली की रडली ते मला नीट कळलं नाही. तीन वर्षांच्या शिक्षेने हायसं वाटलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ती गेल्यावर शब्दकोश काढला. 'कायम' अरबीतून आलेला. मुळात अर्थ उभा, उभा असलेला. शिक्षा कायम, म्हणजे शिक्षा उभी राहिली, अपिलाच्या धक्क्याने पडली नाही. इतका नेमका शब्द, आणि मी तो वर्षानुवर्षं वापरत होतो तो सवयीने. माझ्याकडे तेव्हा जाड पुठ्ठ्याची डायरी असायची. त्यात पुढून पेशीच्या तारखा लिहायचो. त्या दिवशी मागचं शेवटचं पान उलटं धरून पहिला शब्द लिहिला. पुढे अशा डायऱ्या बऱ्याच भरल्या. हा शब्दसंग्रह म्हणजे त्या डायऱ्यांची मागची पानं.

वकिलांसाठी कोश आहेत, चांगले आहेत. भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश माझ्या टेबलावर हाताशी असतो आणि इंग्रजी निकालपत्राचा मराठी गोषवारा लिहायचा झाला की त्याच्यावाचून माझं चालत नाही. पण तो कोश इंग्रजी शब्दाला मराठी शब्द देतो. त्या बाईचा प्रश्न इंग्रजीचा नव्हताच. शब्द मराठी, ऐकणारी मराठी, सांगणारा मराठी, आणि तरी मधल्या मध्ये तीन वर्षांची जन्मठेप झाली. मराठी शब्दाचा मराठी माणसाला अर्थ सांगणारं काही माझ्या पाहण्यात नव्हतं, म्हणून हा खटाटोप.

कोर्टातली मराठी कशी बनली आहे हे बघायला एकच वाक्य पुरे. पोलिसांच्या कागदात ते रोज कुठे ना कुठे लिहिलं जातं: फिर्यादीच्या फिर्यादीवरून आरोपीविरुद्ध गुन्हा दाखल करून, घटनास्थळाचा पंचनामा करून, तपासाअंती दोषारोपपत्र सादर केले. 'फिर्याद' फारसी आहे आणि तिथे तिचा अर्थ आरोळी, दाद मागणाऱ्याने ठोकलेली हाक. 'आरोपी' संस्कृतातून आला, 'गुन्हा' फारसीतून, 'दाखल' अरबीतून. 'पंचनामा' अर्धा आपला, अर्धा फारसी, आणि त्यातले पंच लोकांना अजून पाच वाटतात. कायद्याचं काम दोघांवर भागतं. 'दोषारोपपत्र' सरकारी टेबलावर तयार झालं. ते कागदावर असतं, तोंडात नसतं. तोंडात 'चार्जशीट' असतं, आरोपीच्याही आणि हवालदाराच्याही.

ही खिचडी निवडून काढायचे प्रयत्न दोनदा मोठे झाले आणि त्यातला दुसरा आमच्या नागपुरात झाला. पहिला शिवाजी महाराजांच्या काळातला, रघुनाथपंतांच्या नावावर असलेला राज्यव्यवहारकोश. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचं ते काम होतं. दुसरा प्रयत्न डॉ. रघुवीर यांचा. फाळणीच्या आधी ते लाहोरहून नागपूरला आले, आणि सी. पी. अँड बेरारच्या राजधानीत बसून त्यांनी प्रशासनाच्या आणि कायद्याच्या हजारो इंग्रजी शब्दांना संस्कृतातून घडवलेले प्रतिशब्द दिले. याच प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे संविधानाच्या हिंदी अनुवाद समितीचे प्रमुख होते. म्हणजे आज 'विधी', 'अधिनियम', 'अनुच्छेद' हे शब्द ज्या थाटात छापले जातात, त्याची बरीच तालीम इथे झालेली आहे.

'विधी'चं मात्र मराठीत जमलं नाही, असं मला वाटतं. हिंदीत तो कायदा झाला असेल. मराठीत विधी म्हटलं की भटजी आठवतात. धार्मिक विधी, अंत्यविधी. आमच्या चौकातल्या कॉलेजाच्या नावात 'विधी महाविद्यालय' आहे, पण सीताबर्डीवर ऑटोत बसून 'विधी महाविद्यालय चौक' म्हणून पाहा. ऑटोवाला तुम्हाला बाहेरगावचे समजून जास्त पैसे सांगेल. मी शुद्धीकरणवाला नाही आणि फारसीच्या प्रेमातही नाही. ज्या शब्दाने अशिलाला रात्री झोप लागते तो शब्द मला चांगला. 'जैसे थे' हा त्या दृष्टीने मला कोर्टातल्या मराठीचा सगळ्यात देखणा शब्द वाटतो. कोणीही कुठेही हलायचं नाही, भिंत पाडायची नाही, नवी बांधायची नाही, हे सगळं दोन शब्दांत आलं आणि ते घरच्या आजीलाही कळतं. 'तूर्तातूर्त मनाई हुकूम' तसाच. बोलताना मात्र सगळे 'स्टे' म्हणतात.

एकाच मराठीत पुन्हा मुलखामुलखाचे शब्द वेगळे. पुण्याहून बदलून आलेले एक गृहस्थ फ्लॅटच्या व्यवहारासाठी माझ्याकडे आले आणि साठेखताचा मसुदा मागू लागले. माझ्या कारकुनाला वाटलं, साठे नावाच्या कोणाचं तरी खत हरवलं आहे. आमच्याकडे ती सौदाचिठ्ठी. त्यांचं खरेदीखत ते आमचं विक्रीपत्र. एकाच कागदाकडे ते घेणाऱ्याच्या बाजूने बघतात, आम्ही विकणाऱ्याच्या. त्यांची तारीख, आमची पेशी. ग्राहक तक्रारींचे निकाल वाचले तर एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, एकाच जागी उभ्या असलेल्या माणसाला कुठे जाबदेणार म्हणतात, कुठे सामनेवाला, कुठे विरुद्ध पक्ष, कुठे गैरअर्जदार. 'गैरअर्जदार' नागपूरच्या माणसाला इतका अंगवळणी पडला आहे की तो ऐकायला विचित्र आहे हे आमच्या लक्षातच येत नाही. अर्ज न केलेला माणूस! त्या हिशेबाने सगळं जगच गैरअर्जदार.

यामागे इतिहास आहे. १९३६ साली नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय झालं. सिव्हिल लाइन्समधली ती दगडी इमारत १९४० मध्ये उघडली. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, तोपर्यंत इथलं कामकाज मुंबईच्या वळणाचं नव्हतं. खंडपीठ झालं, राज्य बदललं, पण कारकुनांच्या लेखणीतले शब्द तेच राहिले. जमिनीच्या शब्दांत तर हे फारच दिसतं. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. मालगुजारांनी बांधलेले तलाव पूर्व विदर्भात अजून आहेत आणि सरकारी कागदात त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलताना 'मामा तलाव'. बाहेरून आलेला अधिकारी विचारतो, कुणाचे मामा? 'निस्तार' म्हणजे गावकऱ्यांना गावच्या जंगलातून सरपण, चराई, बांबू घेण्याचा हक्क. पश्चिम महाराष्ट्रातल्या वकिलाला हा शब्द सांगावा लागतो. महसूल संहितेत त्याची सोय विदर्भापुरती वेगळी ठेवलेली आहे.

आणि 'नझूल'. नागपूरकराला हा शब्द जन्मापासून ऐकू येतो आणि त्याचा अर्थ घर विकायच्या दिवशी कळतो. मूळ अरबी, उतरणे या अर्थाचा. सरकारकडे उतरलेली, सरकारजमा झालेली जागा. अशा जागेवर घर आजोबांनी बांधलेलं असतं, कर आपण भरतो, दारावर पाटी आपल्या नावाची असते, आणि कागद उघडला की आपल्या नावापुढे मालक नसतं, पट्टेदार असतं. जमीन सरकारची, आपल्याकडे मुदतीचा पट्टा. मी एका सेवानिवृत्त मास्तरांना हे समजावून सांगत होतो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे साठ वर्षं आम्ही भाड्यानेच राहिलो म्हणा." पट्टा आणि भाडं यांत फरक आहे, तो मी सांगितला, आणि या पुस्तकातही दिला आहे. पण मास्तरांचं म्हणणं अगदीच चुकलं नव्हतं.

सौदाचिठ्ठीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण डायरीत सगळ्यात जास्त नोंदी तिच्याच आहेत. सौदाचिठ्ठीने मालकी मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा हे स्पष्ट सांगतो: विक्रीचा करार म्हणजे पुढे विक्री करण्याचं वचन, त्याने मिळकतीत कसलाही हक्क उत्पन्न होत नाही. पण ऐंशी टक्के रक्कम मोजून, ताबा घेऊन, वास्तुशांत करून बसलेल्या माणसाला तुम्ही 'वचन' मिळालं आहे म्हणून सांगा. तो ताबा दाखवतो. ताबा आणि मालकी, कब्जा आणि वहिवाट, फेरफार आणि हक्क, हे शब्द गावात एकाच पोत्यात असतात. फेरफार झाला म्हणजे जमीन नावावर झाली असं सगळे समजतात. फेरफार ही महसुलाची नोंद. शेतसारा कोणाकडून घ्यायचा ते तिने कळतं, मालक कोण हे तिने ठरत नाही.

इथवर शब्द अवघड असल्याची गोष्ट झाली. पण मला जास्त भीती सोप्या शब्दांची वाटते.

धनादेश वटला नाही तर काय करायचं, हे आता दुकानदारालाही माहीत असतं. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर एक महिन्यात तक्रार. कायद्याने एका ठिकाणी 'तीस दिवस' म्हटलं, दुसऱ्या ठिकाणी 'एक महिना'. बोलताना दोन्ही एकच. कायद्यात महिना म्हणजे इंग्रजी पंचांगाचा महिना. फेब्रुवारी मध्ये आला की तो तीस दिवस भरत नाही. दोन दिवसांच्या या फरकाने तक्रार मुदतीबाहेर गेलेली मी पाहिली आहे. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी कारण दाखवावं लागतं, आणि 'महिना म्हणजे तीस दिवस समजलो' हे कारण वकिलाने कोणत्या तोंडाने लिहायचं?

'सद्भावाने केलेलं' हा तसाच एक शब्द. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे एखादी गोष्ट प्रामाणिकपणे केली की ती सद्भावाने केली, मग त्यात निष्काळजीपणा झालेला असो वा नसो. भारतीय दंड संहितेत मात्र पुरेशी काळजी आणि लक्ष देऊन केली नाही तर ती सद्भावाने केलेली नाहीच. नव्या न्याय संहितेतही तेच आहे. म्हणजे मन साफ असलेला पण धांदरट माणूस एका कायद्यात सज्जन आणि दुसऱ्यात गुन्हेगार ठरू शकतो. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हसतात. मग मी त्यांना डॉक्टरच्या जागी उभं करतो, आणि हसू थांबतं.

शब्दाचा अर्थ ठरवताना न्यायाधीश नेमकं काय करतो, हे पाहायचं असेल तर 'शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य' हा १९५८ चा निकाल वाचावा. मी तो दर दोनतीन वर्षांनी वाचतो. जुन्या मध्य प्रांतातल्या एका जमीनदाराने १९४८ मध्ये आपल्या जंगलातला बांबू, सरपण, सागवान तोडून नेण्याचा हक्क आपल्या पत्नीला दिला. मुदत साधारण साडेबारा वर्षांची, मोबदला २६ हजार रुपये. कागद केला पण नोंदवला नाही. पुढे जमीनदाऱ्या खालसा झाल्या, जंगल सरकारकडे गेलं, आणि बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाकीचे मुद्दे बाजूला ठेवू. एक मुद्दा असा की कागद नोंदवलेला नसला तर स्थावर मिळकतीचा हक्क त्याने जात नाही. मग झाड स्थावर की जंगम? कायदा म्हणतो, जमिनीला चिकटलेलं ते स्थावर. पण उभं इमारती लाकूड, उभं पीक आणि गवत मात्र स्थावर नव्हे. आता जंगलातल्या सागाला झाड म्हणायचं की उभं इमारती लाकूड? दोन्ही उभेच. जागचं हललेलं कोणीच नाही.

न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी या प्रश्नावर स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. बोस नागपूरचे, इथे वकिली केलेली, आमच्या या लॉ कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, मग दिल्ली. त्यांनी व्याख्या घोकली नाही. ते झाडापाशी गेले. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: झाड मुळांनी जमिनीतून पोषण घेतं, वाढतं, म्हणून ते जमिनीचं. उद्यापरवा तोडायचंच ठरलेलं, इमारतीच्या कामाला येण्याजोगं झालेलं झाड आणखी किती पोषण घेणार? ते उभं असलं तरी व्यवहारात लाकूडच झालं. पण ज्याला बारा वर्षांत कधीही तोडायची मुभा आहे, ते झाड बारा वर्षं जमिनीतून वाढत राहणार. म्हणून ते झाड, म्हणून स्थावर, म्हणून नोंदणी हवी. बाई हरल्या. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला म्हणून त्या निकालपत्राची भाषा मला कमी आवडत नाही. एका शब्दाचा अर्थ ठरवायला बोस कोशात गेले नाहीत, रानात गेले. माझ्या अशिलांपैकी कोणत्याही शेतकऱ्याला हा युक्तिवाद वऱ्हाडीत सांगितला तर तो मान डोलावेल.

दुसरा निकाल असा सहज सांगता येत नाही. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, १९७२. पोलीस ठाण्यात बोलावलेल्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. त्याचा गाभा एका शब्दात होता: संमती. भीतीपोटी, सुटका नाही म्हणून मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती नव्हे, असं खंडपीठाने म्हटलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. त्यातून संमतीचा अर्थ निघाला आणि पोलीस सुटले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पत्राचा मुद्दा पुन्हा हाच होता की संमती वेगळी आणि शरण जाणं वेगळं. देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा तशाच ताब्यात असलेली स्त्री संमती नव्हती म्हणाली तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरून चालावं, असं ठरलं. संमतीची व्याख्या कायद्यात सविस्तर लिहायला मात्र २०१३ उजाडलं. त्यात नुसता प्रतिकार केला नाही म्हणून संमती दिली असं होत नाही, हेही लिहिलं आहे.

नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये जे म्हटलं, ते कायद्याच्या पुस्तकात छापून यायला सदतीस वर्षं लागली. आपल्या बोलण्यात मात्र जुनाच अर्थ आहे. मुलगी बघायला पाहुणे आलेले असतात, मुलगी खाली मान घालून गप्प, आणि काकू कौतुकाने म्हणतात, गप्प आहे म्हणजे पसंत आहे. या संग्रहातली 'संमती'ची नोंद इतर नोंदींपेक्षा लांब आहे. ती मी चार वेळा लिहिली. दोन वेळा माझ्या सुनेने ती फाडायला लावली, आणि ती बरोबर होती.

भाषेविषयी लोक नेहमी विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असावी, अशी शासनाची अधिसूचना १९९८ मध्ये निघाली. उच्च न्यायालयात संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे इंग्रजी. त्यामुळे आमच्या नरखेडच्या बाईच्या भावाची साक्ष मराठीत, खालचा निकाल मराठीत, अपील इंग्रजीत, निकालही इंग्रजीत, आणि बातमी पुन्हा मराठीत. या येण्याजाण्यात 'कायम'चं काय झालं ते आपण पाहिलंच. पुन्हा बोस आठवतात. १९५१ च्या हरला खटल्यात जयपूर संस्थानाचा एक अफूचा कायदा त्यांच्यापुढे होता. मंत्रिमंडळाने तो ठराव करून मंजूर केला होता, पण कधी प्रसिद्धच केला नव्हता. बोस यांनी सांगितलं की जो कायदा लोकांना कळवलाच नाही, त्याखाली लोकांना शिक्षा करता येत नाही. तो कायदा पडला. आता कायदे राजपत्रात छापले जातात, संकेतस्थळावर असतात, म्हणजे कळवलेले असतात. माझ्या बैठकीत बसलेल्या माणसाला ते कळलेले नसतात, पण त्यावर कोणताही खटला चालत नाही.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि एक गंमत झाली. दंड संहितेचे आकडे हे आपल्याकडे शब्दच झाले होते. 'तीनशेदोन' म्हटलं की खून, 'चारसोबीस' म्हटलं की ठक. खून आता १०३ मध्ये गेला आणि फसवणूक ३१८ मध्ये. कागदावर बदललं; कोर्टाबाहेरच्या चहावाल्याकडे ठक अजून चारसोबीसच आहे आणि माझ्या हयातीत तो तीनशेअठरा होईल असं वाटत नाही. 'पुराव्या'चं अधिकृत 'साक्ष्य' झालं तेही तसंच. संग्रहात जिथे जुने आकडे आले आहेत तिथे नवे शेजारी दिले आहेत.

संग्रह कसा वापरायचा हे दोन वाक्यांत सांगतो. प्रत्येक शब्दाखाली आधी लोक त्याचा काय अर्थ समजतात ते दिलं आहे, मग कोर्टात त्याने काय घडतं ते. 'जामीन'खाली म्हणूनच व्युत्पत्तीपेक्षा हे आधी लिहिलं आहे की तुम्ही कुणाला जामीन राहिलात आणि तो पळाला, तर रक्कम तुमच्याकडून वसूल होते. शेजारधर्म म्हणून सही करण्यापूर्वी एवढं वाचा. 'शक्यतो', 'वाजवी', 'पुरेसं कारण' या शब्दांच्या नोंदी अपुऱ्या आहेत. त्या पुऱ्या करता आल्या असत्या तर निम्मी न्यायालयं बंद पडली असती.

मुद्रितं मी कुणा प्राध्यापकाला दाखवली नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसणारे एक अर्जनवीस आहेत, आयुष्य त्यांनी लोकांचे अर्ज लिहिण्यात घालवलं. त्यांना दिली. आठ दिवसांनी गठ्ठा परत आला, समासात बारीक अक्षरात बत्तीस दुरुस्त्या. 'सबब'ची माझी नोंद त्यांनी पार बदलली. मी लिहिलं होतं, सबब म्हणजे म्हणून, यास्तव. अर्जाचा शेवटचा परिच्छेद या शब्दाने सुरू होतो. त्यांनी खाली लिहिलं: "घरी सबब सांगणे म्हणजे थाप मारणे. पक्षकार विचारतात, साहेब, तुम्ही माझ्या अर्जात सबब का लिहिली, मी तर खरं सांगितलं. हे घाला." घातलं.

बत्तीसावी दुरुस्ती 'मे.' या एका अक्षराच्या संक्षेपाची होती. अर्जात आपण 'मे. कोर्टास विनंती' लिहितो ते मेहेरबान. दुकानाच्या पाटीवर नावाआधी 'मे.' असतं ते मेसर्स. त्यांच्याकडे एक व्यापारी आला होता, त्याने आपल्या अर्जातल्या 'मे. कोर्ट' वर बोट ठेवून विचारलं होतं, ही पण भागीदारीच आहे का? अर्जनविसांनी समासात एवढंच लिहिलं होतं: "दोन्ही मे. वेगळे, हे स्पष्ट करावे." पान ११४ वर ते केलं आहे.